स्पॅनिश बोलणारांचें इंग्रजी : कर्ता गेला कोठें?

स्पॅनिश मातृभाषा असलेला मनुष्य इंग्रजी शिकूं लागला म्हणजे प्रारंभीं 'इज सिक' एवढें बोलून मोकळा होतो. ऐकणारा विचारतो, 'आजारी आहे तें कोण?' बोलणारास मात्र आपलें कांहीं सांगावयाचें राहिलें आहे असें वाटतच नाहीं. श्रोतेहो, दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं स्पॅनिश वाक्याची घडण पाहूं.

स्पॅनिशमध्यें 'मी बोलतों' हा अर्थ 'आब्लो' ह्या एकाच शब्दांत मावतो. 'आब्लास' म्हणजे तूं बोलतोस. 'आब्लामोस' म्हणजे आम्ही बोलतों. क्रियापदाचा प्रत्ययच कर्त्याचा पुरुष व वचन सांगून टाकतो. सर्वनाम घालावयाचें तें बहुधा जोर देण्याकरितां. आपणहि 'येतों हं' म्हणून घराबाहेर पडतों, तेव्हां 'मी' म्हणावें लागत नाहीं. 'एस्ता एन्फेर्मा' ह्या दोन शब्दांत आजारी व्यक्ति एकच आहे आणि ती स्त्री आहे, इतकें सर्व येतें. त्याचें शब्दशः इंग्रजी केलें कीं ती स्त्री नाहींशी होते! विशेषणाला लिंग नाहीं, आणि 'शी' हें सर्वनाम तर बोलणारानें गाळलेलें असतें.

इंग्रजीनें आपले बहुतेक प्रत्यय शतकांपूर्वींच टाकून दिले. त्यामुळें साध्या विधानांत कर्ता स्वतंत्र शब्दानें क्रियापदाच्या आधीं उभा करावा लागतो. हा आग्रह इतका कडक कीं, पाऊस पडत असतां जेथें करणारा कोणीच नाहीं, तेथेंहि 'इट' नांवाचें बाहुलें कर्त्याच्या पाटावर बसवितात. स्पॅनिश मनुष्य 'युएवे' एवढ्यावर भागवितो. त्याला ह्या 'इट'चें प्रयोजन पटत नाहीं, आणि माझ्या मतें त्यांत नवल नाहीं. गंमत अशी कीं, वर्तमानकाळीं तृतीयपुरुषी एकवचनास इंग्रजीनें एक 'एस' अजून राखून ठेवला आहे. घरच्या भाषेंत पांच-सहा रूपें लीलया चालविणारा विद्यार्थी नेमका तोच विसरतो.

विशेषणाची चूक उलट जातीची. 'ला कासा ब्लांका' म्हणजे पांढरें घर. अनेकवचनीं 'लास कासास ब्लांकास', जसें आपलें 'पांढरीं घरें'. ह्या संवयीनें तो इंग्रजी विशेषणालाहि अनेकवचनाचा प्रत्यय जोडतो.

ह्या चुका नेहमींच हंसण्यावारी नेण्याजोग्या नव्हत्या. पोर्तोरिको बेट १८९८ मध्यें अमेरिकेच्या ताब्यांत गेलें. १९१७ मध्यें तेथील लोक अमेरिकन नागरिक झाले. तेथील शाळांत इंग्रजीच्या माध्यमाचे प्रयोग कित्येक वर्षें चालले. १९४९ मध्यें स्पॅनिश हेंच माध्यम ठरून इंग्रजी एक विषय म्हणून उरलें. परंतु न्यूयॉर्कमध्यें जाऊन राहिलेल्या ह्याच नागरिकांस मत देण्यापूर्वीं इंग्रजी लिहितां-वाचतां येतें हें सिद्ध करावें लागे. १९६५ च्या मतदान-हक्क कायद्यानें पोर्तोरिकोंतील शाळेंत सहावी इयत्ता पुरी केलेल्यांस त्या अटींतून सोडविलें, व पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती तरतूद उचलून धरली.

शिक्षकानें आरंभ कोठून करावा? 'यो' म्हणजे मी, हा शब्द विद्यार्थ्याच्या घरचाच आहे. प्रथम स्पॅनिशमध्येंच जोर देऊन 'यो आब्लो' म्हणवून घ्यावें आणि मग 'आय स्पीक' शिकवावें. कर्त्याची जागा जिभेला आपोआप सांपडते. प्रश्नवाक्यांतला तो चमत्कारिक 'डू' त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनीं घेतला तरी चालेल.