आई-बाप उसाच्या फडात. पोरं कुणाच्या भरवशावर?

शेतकरी बंधूंनो, आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दोन तोंडं आहेत. उत्तरेला कालव्याचं पाणी, ऊस आणि साखर कारखाने. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. पाथर्डी, जामखेड आणि शेवगावचा काही भाग मात्र पावसाच्या भरवशावर. एकीकडे ऊस पिकतो, दुसरीकडून तो तोडायला माणसं जातात. जिल्हा एकच, पण पोरांचं नशीब वेगळं.

दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी म्हातारी माणसं असली तर पोरं मागं राहतात, नाहीतर आई-बापांबरोबर फडावर जातात. तिथं थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते, पोरगा वाढ्यांच्या मोळ्या बांधू लागतो. शाळेच्या पटावर नाव असतं, पोर कोपीवर असतं. मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत अर्धं वर्ष गेलेलं. असं दोन-तीन हंगाम झालं की पोर स्वतःच शाळेचं नाव काढत नाही. पोरगी वयात आली की तिला मागं एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यायचीही भीती. मग लग्नाची घाई होते.

कायदा आणि योजना

गावकारभारी मंडळींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्यानं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.

पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालत. त्यांचा उपयोग झाला, पण हंगाम संपला की शाळाही संपायची. पुढे मूल गावातच ठेवण्यावर भर आला. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहं चालवली गेली. बाहेर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आलं. २०२१ मध्ये शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, आणि पहिल्या टप्प्यातच आपले पाथर्डी व जामखेड.

पण वसतिगृहात जागा मोजक्या, आणि हंगामी वसतिगृहात बऱ्याचदा जेवण शाळेत आणि झोपणं आजीकडं. आजीला दिसत नाही, वाचता येत नाही. शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत पोराकडं बघणारं कुणी नसतं. पोर हातचं जातं ते याच तीन तासांत. हे तास सरकार नाही, गावच भरून काढू शकतं.

एक तास खेळ, एक तास अभ्यास

म्हणाल, अभ्यासाचं ठीक, खेळ कशाला? वर्गात मागं पडलेलं पोर मागच्या बाकावर तोंड लपवून बसतं. मैदानात तेच पोर चढाई करून येतं तेव्हा त्याला चारचौघांत मान मिळतो. त्या खेळापायी ते दुसऱ्या दिवशी शाळेत येतं. दुसरा फायदा हजेरीचा. कबड्डीच्या संघात सात गडी लागतात. एक आला नाही की बाकीचे त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जातात. पटावरची गैरहजेरी महिन्यानं कळते, मैदानावरची लगेच.

हे आपल्याकडं नवं नाही. नगरमध्ये १९८९ साली सुरू झालेली स्नेहालय संस्था शहरातल्या वस्त्यांत बालभवनं चालवते. राळेगणसिद्धीनं नापास मुलांना मुद्दाम बोलावून आपल्या शाळेत घेतलं आणि पुस्तकाइतकाच भर व्यायामावर, शिस्तीवर दिला. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे आई-वडील वीटभट्टीवर राबले. मुलानं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण. प्रत्येक पोर साबळे होणार नाही, हे खरं. पण दहावीपर्यंत टिकलं तरी मुकादमाच्या वहीत त्याचं नाव चढायचं टळेल. शिवाय राज्याच्या सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना २००५ पासून पाच टक्के आरक्षण आहे.

गावानं काय करावं?

खर्च फार नाही. किशोरांच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटरची सपाट जागा आणि फक्कीच्या रेघा पुरतात. खो-खोला दोन खांब. गावातलीच बारावी झालेली दोन पोरं-पोरी थोड्या मानधनावर तयार होतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते इथं लावा. मुलींचा खेळ दिवस मावळायच्या आत घ्या आणि त्यांना घरी सोडायला गावातली एक बाई नेमा. एवढं नसेल तर आई-बाप पोरींना पाठवणार नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

बागायतदार बंधूंनो, तुमच्याही वाट्याला काम आहे. तुमच्या फडात टोळी उतरली की तिच्यात शाळेच्या वयाची किती पोरं आहेत ते विचारा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना त्याच दिवशी कळवा. ऊस तोडून हवा, तर तोडणाऱ्याच्या पोराचं वर्षही वाया जाऊ नये.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींनी कोयते हलण्याआधी वस्तीवार यादी करावी: कोण जाणार, कोणाची पोरं मागं राहणार, कुणाकडं राहणार. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचून दाखवा आणि प्रत्येक नावापुढं जबाबदार माणसाचं नाव लिहा. त्यानंतरच टोळ्यांच्या गाड्या गावाबाहेर पडू द्या.