घरची शाळा (लेखांक ८) : व्याकरणाचं पुस्तक निवडताना

मागच्या लेखांकात आपण वाचनाच्या पुस्तकांचा विचार केला. आता व्याकरण. घरी शिकवणारे पालक बहुधा दुकानात समोर दिसेल ते पुस्तक उचलतात. ते अनेकदा स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांसाठी लिहिलेलं असतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ते कसं चालेल? पुस्तक घेण्याआधी त्यातले तीन पाठ उघडून पाहा : सामान्यरूप, विभक्ती आणि प्रयोग. निवड तिथेच होते.

पहिला पाठ सामान्यरूपाचा. चांगलं पुस्तक आधी उदाहरणं देतं आणि नियम मुलाकडून काढून घेतं. कर्जतच्या मुलाला मुंबई लोकलची स्टेशनं पाठ असतात. त्याला प्रत्येक नावाला ‘ला’ लावायला सांगा. कर्जतला, नेरळला, बदलापूरला, कल्याणला, खोपोलीला, ठाकुर्लीला. इथे नाव बदललं नाही. पण दिव्याला, मुंब्र्याला, कळव्याला, ठाण्याला, कुर्ल्याला, भायखळ्याला. इथे बदललं. दोन गट पाडून झाले की शेवटचा स्वर काय करतो हे मूल स्वतःच सांगतं. मग कोंडाणे हे जवळच्या गावाचं नाव कोणत्या गटात जाईल ते विचारा. ‘याला सामान्यरूप म्हणतात’ हे वाक्य सगळ्यात शेवटी यावं. पुस्तक त्या वाक्यानेच सुरू होत असेल तर ते लहान मुलासाठी नाही.

दुसरा पाठ विभक्तीचा. ‘स, ला, ते’ हा तक्ता आपण सगळ्यांनी घोकला. ‘मुलाला बोलावलं’ यात द्वितीया आणि ‘मुलाला पुस्तक दिलं’ यात चतुर्थी. रूप मात्र एकच. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही रूपं वेगळी आहेत, म्हणून तिथे दोन नावं लागतात. मराठीने तो साचा घेतला आणि एकाच रूपाला दोन नावं चिकटली. यावर जाणकारांनी गंभीर वाद घातले आहेत; कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांचं ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ हे पुस्तक पालकांनी जरूर चाळावं. मुलाला तक्ता पुढे परीक्षेसाठी लागेलच. पण आधी ‘कुणाला, कशाने, कुठून, कुणाचं, कुठे’ या प्रश्नांतून वाक्यातली नाती कळू द्या. असे प्रश्न विचारणारं पुस्तक घ्या.

तिसरा पाठ प्रयोगाचा. ‘दादाने भाकरी खाल्ली, दादाने आंबा खाल्ला.’ दादा तोच, तरी क्रियापद का बदललं? हे कोडं सोडवायला मुलाला घेऊन राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या कोंडाणे लेण्यांत जा. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा अंतेवासी, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य, बलक याने हे केलं. भाषा प्राकृत. कर्ता तृतीयेत आहे आणि ‘कतं’ हे रूप कर्त्याप्रमाणे न चालता केलेल्या वस्तूप्रमाणे चालतं. ‘बलकाने मूर्ती केली, बलकाने लेणं केलं’ या आपल्या वाक्यांची घडण तीच. दोन हजार वर्षांपूर्वीची रचना आज भाकरी खाताना आपल्या तोंडी येते, हे कळलेल्या मुलाला कर्मणी प्रयोगाची व्याख्या घोकावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. आठ-नऊ वर्षांपर्यंत व्याकरणाचं वेगळं पुस्तक आणूच नका. वाचन, गप्पा आणि शब्दांचे खेळ पुरेत. त्यानंतर कणा म्हणून बालभारतीची पाठ्यपुस्तकं चांगली. त्यांत व्याकरण पाठांखालच्या स्वाध्यायांत थोडंथोडं येतं आणि ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. बारा-तेराव्या वर्षी मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ सोबतीला घ्या, पण संदर्भापुरतं. पहिल्या पानापासून ओळीने शिकवायला नव्हे. मोरो केशव दामले यांचं १९११ चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ पालकांच्या कपाटात असावं. मूल अडचणीचा प्रश्न विचारील तेव्हा उत्तर बहुधा तिथे सापडेल. दहावीला १७ नंबरचा (खासगी विद्यार्थ्याचा) फॉर्म भरून बसवायचं असेल किंवा मुक्त विद्यालयातून, तर त्या मंडळाचा अभ्यासक्रम दोन वर्षं आधी हाती घ्या. पारिभाषिक नावं आणि तक्ते तेव्हा पक्के करता येतात.

आणखी एक विनंती. घरी किंवा वाडीवर बोलली जाणारी आगरी, ठाकरी, कातकरी बोली ‘अशुद्ध’ ठरवणारं पुस्तक घेऊ नका. बोलीलाही नियम असतात. तिची वाक्यं प्रमाण मराठीशेजारी लिहून फरक शोधायला लावा; व्याकरणाचा तोही एक उत्तम धडा आहे.

मुलाच्या बोलण्यात व्याकरण आधीपासून आहे. ते त्याला दाखवून देईल असं पुस्तक निवडा, आणि तसं न मिळाल्यास पुस्तकाशिवाय सुरुवात करा. पुढच्या लेखांकात शुद्धलेखन.