पुस्तकांचा जमाखर्च

आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयांत कादंबरी, नाटक, काव्य आणि चरित्र यांची कपाटे निरनिराळी मांडून झाली, की ज्या पुस्तकांचे काय करावे हे ग्रंथपालास सहसा उमगत नाही, त्या सर्वांची रवानगी ‘संकीर्ण’ अशी चिठ्ठी लावलेल्या एखाद्या फळीवर होते. आणि मग तेथे हिमालयातील पदयात्रेच्या शेजारी सहकारी पतपेढ्यांचा इतिहास व त्याच्या शेजारी फुटबॉलचे अर्थशास्त्र असा विलक्षण शेजार जमून येतो. वाचकही या फळीजवळ आला तर विषय पाहून हात घालतो. क्रिकेटचा नाद असलेला क्रिकेटचे पुस्तक नेतो, इतिहासाची आवड असलेला इतिहासाचे, आणि दोघेही परस्परांच्या पुस्तकांकडे ढुंकून पाहत नाहीत. मला असे वाटते, की ललितेतर पुस्तकाची पारख विषयावरून करणे ही मूळचीच चूक आहे. लेखकाने जे पाहिले त्यात पैसा कोठून आला, तो कोणाच्या हाती गेला आणि कोणाचा बुडाला, हा प्रश्न त्याने कितपत सचोटीने विचारला, ही त्याहून अधिक भरवशाची कसोटी होय. मनुष्य आपल्या ध्येयांविषयी बोलू लागला म्हणजे नकळत अतिशयोक्ती करतो. परंतु देण्याघेण्याचा तपशील तो देऊ लागला, की त्याच्या आणि त्याच्या समाजाच्या अंतरंगाची पुष्कळशी कवाडे आपोआप उघडतात. या कसोटीस उतरणारी काही पुस्तके, एकमेकांशी बाह्यतः कोणताही संबंध नसलेली, आज वाचकांपुढे ठेवावयाची आहेत.

पहिला मान अर्थातच विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाचा. सत्तावनच्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून त्याची ख्याती आहे व ती यथार्थ आहे. पण पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण उत्तरेकडे निघाला तो बंड पाहावयास नव्हे. घरावर कर्ज होते, ते फिटण्याचा अन्य मार्ग दिसत नव्हता, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत, अशी वार्ता कानी आल्यामुळे दक्षिणेच्या आशेने हा तरुण आपल्या चुलत्यास बरोबर घेऊन १८५७ च्या आरंभी घराबाहेर पडला. वाटेत महूच्या छावणीजवळ शिपायांच्या तोंडून त्याला पुढे काय होऊ घातले आहे याची कुणकुण लागली, तरी तो मागे फिरला नाही, कारण मागे कर्ज उभे होते. पुढे झाशीच्या वेढ्यात तो सापडला. शहर पडल्यावरच्या दिवसांचे त्याने केलेले वर्णन वाचताना अंगावर काटा येतो तो केवळ रक्तपाताने नव्हे. लुटीलाही तेथे एक प्रकारची शिस्त होती. आधी सोने-रूपे गेले, मग तांब्या-पितळेची भांडी गेली, त्यानंतर कपडालत्ता आणि अखेरीस धान्य. ज्याला भिक्षुकीत मिळालेल्या प्रत्येक लुगड्याची व पळीपंचपात्रीची किंमत ठाऊक होती, त्यालाच हा क्रम इतक्या स्पष्टपणे दिसावा, हे स्वाभाविक आहे. मिळालेली दक्षिणा लुटली गेली आणि भटजी घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. हे लिखाण पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून झाले आणि १९०७ साली त्यांनी ते छापले, मात्र पुष्कळ संस्कार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली सिद्ध केली. शक्य असेल त्याने पोतदारांचीच प्रत मिळवावी.

भटजींच्या पाठोपाठ पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचावे, म्हणजे तीसच वर्षांत मराठी प्रवाशाची दृष्टी कोठून कोठवर गेली हे कळते. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई त्या देशात हिंडल्या त्या विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळवावे म्हणून, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी मुंबईत त्यांचे शारदासदन उघडले. द्रव्यसंचयासाठी निघालेल्या स्त्रीचे हे लेखन असल्यामुळे तेथील स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, त्यांचा कारभार कोण पाहतो, स्वतःचे वृत्तपत्र त्या कशा चालवितात, याचे वर्णन त्यांनी जितके बारकाईने केले आहे तितके नायगाराचेही केलेले नाही. कौतुक पुष्कळ आहे, परंतु ते डोळस आहे. कृष्णवर्णीयांना व मूळच्या रहिवाशांना त्या स्वतंत्र देशाने कसे वागविले, हे सांगताना त्यांची लेखणी भीड धरीत नाही.

आता दुसऱ्या एका प्रवासाकडे वळू. जॉर्ज ऑर्वेल हा १९३६ च्या आरंभी इंग्लंडच्या उत्तर भागातील कोळसा-मुलखात काही आठवडे राहिला व त्यातून ‘द रोड टू विगन पिअर’ हे पुस्तक १९३७ साली निघाले. खाणीच्या तळाशी उतरल्यावर प्रत्यक्ष कोळसा खणावयाच्या जागी पोहोचण्यास मैल-मैल, कधी त्याहूनही अधिक, वाकून किंवा रांगत जावे लागते. उंच अंगलटीच्या ऑर्वेलची त्यात काय दशा झाली हे त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. या रांगत जाण्यायेण्याच्या वेळेचे वेतन खाणकामगारास मिळत नाही, ही गोष्ट तो नोंदवितो, आणि मग एका कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून होणारी कपात कलमवार उतरून देतो. विमा, संघाची वर्गणी, इस्पितळ, हत्यारांना धार लावण्याची मजुरी, असे करता करता आपण एका कलमाशी येऊन थबकतो: दिव्याचे भाडे, सहा पेन्स. ज्या दिव्यावाचून भूगर्भात मालकाचा कोळसा निघणे अशक्य, त्या दिव्याचे भाडे मजुराने भरावयाचे! औद्योगिक व्यवस्थेवरील प्रबंधांनी जे साधले नसते, ते त्या एका ओळीने साधले आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध समाजवादाविषयीच्या वादविवादाने भरलेला आहे, आणि खुद्द प्रकाशक गोलान्झ यांनी प्रस्तावनेतच त्याच्याशी मतभेद नोंदविला होता. तो भाग सवडीने वाचला तरी चालेल. पूर्वार्ध मात्र एका बैठकीत वाचण्याजोगा आहे.

हाच न्याय आपल्या गावास लावून पाहावयाचा असेल तर त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथास पर्याय नाही. पाटील-कुळकर्ण्यांची वतने, बारा बलुतेदार, त्यांच्या थोरल्या, मधल्या व धाकट्या ओळी, खळ्यावर कोणी किती पेंढ्या उचलावयाच्या, शिवाय सणावारी कोणाचा कोणता हक्क, यांची जी जंत्री आत्र्यांनी दिली आहे, तिच्यावरून स्वयंपूर्ण व संतुष्ट खेड्याचे आपण उराशी बाळगलेले चित्र पार पुसले जाते. कुणब्याच्या घरात दाणा येण्याआधीच खळ्यावरून त्याला किती वाटा फुटतात, हे त्यांनी दाखविले आणि गावकीच्या गोडव्यांखालचा ताळेबंद प्रथमच मराठी वाचकांपुढे उलगडला. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. फिरस्त्या जमातींविषयी आत्रे लिहितात तेव्हा त्या काळच्या सरकारी दप्तरातील पूर्वग्रह त्यांच्या लेखणीत पुरेपूर उतरतात, आणि बलुतेदाराला खळ्यावर काय मिळाले हे मोजण्याच्या भरात त्याने वर्षभर काय सोसले, याची नोंद अनेक ठिकाणी कोरी राहते. ग्रंथ अमोल आहे, पण तो शेतकऱ्याच्या कैवारातून लिहिला गेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा.

येथून खेळाकडे जाणे म्हणजे विषयांतर आहे, असे ज्यास वाटेल त्याने रामचंद्र गुहा यांचे ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हे २००२ सालचे पुस्तक उघडावे. त्याच्या मध्यभागी पळवणकर बाळू उभा आहे. चर्मकार कुटुंबातील हा मुलगा पुण्यात प्रथम पारशांच्या व मग युरोपियनांच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे, जाळे बांधणे असली कामे महिना तीन-चार रुपयांवर करीत होता. क्लबातल्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो अव्वल दर्जाचा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला; फलंदाजी करण्याची संधी मात्र त्याला तेथे कोणी दिली नाही, कारण बॅट धरणे हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गरज भासू लागली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याने टाकलेल्याच चेंडूला हात लावीत होते. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा दिवाणखान्यात चिनी मातीच्या पेल्यांतून आणि बाळूचा बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरांहून अधिक बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे नायकत्व त्याच्या वाट्यास कधी आले नाही. ते अखेर १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळाले. या बाळूनेच पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला, ही गोष्ट ज्यास ठाऊक नाही त्याने आपल्या प्रांताचा सामाजिक इतिहास अर्धाच वाचला, असे म्हणावयास हरकत नाही.

बाळूच्या गुणांची किंमत बाजारात कमी लावली जात होती, कारण त्याकडे पाहणारे डोळे चेंडूकडे न पाहता जातीकडे पाहत होते. भेदाचे स्वरूप व त्याची दाहकता सर्वस्वी निराळी हे मान्य करूनही, गुण एक आणि लावलेली किंमत दुसरी, या तफावतीवरच मायकेल लुइस यांचे ‘मनीबॉल’ हे २००३ सालचे पुस्तक उभे आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये पारखी लोक तरुण खेळाडूची उंची, बांधा, इतकेच काय चेहरासुद्धा पाहून त्याचे भविष्य वर्तवीत. ओकलंड संघाचा कारभारी बिली बीन याच्यापाशी खेळाडूंच्या पगारासाठी सुमारे ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्कच्या यँकी संघापाशी त्याच्या तिप्पट. म्हणून त्याने असे गुण शोधले की जे सामने जिंकून देतात, परंतु बाजारात ज्यांना भाव नाही. संयमाने बाहेरचे चेंडू सोडून देऊन फुकटात पहिले ठाणे गाठणारा फलंदाज हा त्यातला एक. हा विचारही मुळात क्लबांच्या कचेऱ्यांत जन्मलेला नाही. बिल जेम्स नावाच्या, डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करणाऱ्या गृहस्थाने आकड्यांशी झटत तो मांडला होता. कोपराच्या दुखापतीमुळे ज्याला धड फेकता येईना असा स्कॉट हॅटबर्ग बीनने स्वस्तात घेतला, आणि त्याच हॅटबर्गच्या फटक्याने ४ सप्टेंबर २००२ रोजी संघाने सलग विसावा सामना जिंकला, तोही अकरा धावांची आघाडी गमावून बसल्यावर. त्या मोसमात ओकलंड आणि न्यूयॉर्क या दोघांचेही विजय सारखेच, १०३. मात्र लुइस हे कसलेले कथेकरी आहेत, तेव्हा त्यांनी काय गाळले तेही पाहावे. त्याच संघात त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तेहादा आणि सर्वोत्कृष्ट गोलंदाज झीटो होता. त्यांच्याविषयी पुस्तकात फारसे येत नाही, कारण त्यांच्यामुळे कथेचा बेत बिघडला असता.

ती उणीव सायमन कूपर व स्टेफान शिमान्स्की यांचे ‘सॉकरनॉमिक्स’ हे २००९ साली निघालेले पुस्तक भरून काढते. एक पत्रकार आणि दुसरा अर्थशास्त्रज्ञ, त्यामुळे किस्से आणि कोष्टके दोन्ही यथास्थित. इंग्लंडमधील चाळीस फुटबॉल क्लबांचे १९७८ ते १९९७ या काळातील हिशेब तपासून त्यांनी दाखविले, की खेळाडू विकत घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवरून क्लबांच्या क्रमांकातील फरकाचा अवघा १६ टक्के भाग उलगडतो, पण पगारावरील खर्चावरून तब्बल ९२ टक्के. वर्तमानपत्रांत मथळे गाजतात ते खरेदीच्या रकमांचे. सामने जिंकून देतो तो निमूटपणे दरमहा होणारा पगार. म्हणजे मनीबॉलचा नायक हा अपवाद आणि पैशाचे पारडे हा नियम, असा निवाडा करावा लागतो. २०१६ साली लेस्टरसारख्या सामान्य पगाराच्या क्लबाने अजिंक्यपद पटकाविले तेव्हा जगास जो अचंबा वाटला, त्याचेही कारण हा नियमच होय.

यावर कोणी म्हणेल, की सर्व काही पैशानेच मोजावयाचे तर ग्रंथवाचन कशास, हिशेबनीसाची वहीच का चाळू नये? आक्षेप वाजवी आहे. परंतु वर सांगितलेल्या प्रत्येक पुस्तकात, हिशेब काटेकोर मांडल्यामुळेच, हिशेबात न बसणारी बाब ठळकपणे वेगळी पडते. तीन रुपयांच्या पगारावरून बाळूची गरिबी कळते. मातीच्या भांड्याचा खुलासा मात्र कोणत्याही पगारपत्रकात मिळत नाही, आणि म्हणूनच जात ही दारिद्र्याहून निराळी गोष्ट आहे हे ते भांडे सिद्ध करते. ज्या लेखकाने रक्कम सांगितलीच नाही, त्याच्या पुस्तकात गरिबी, जात, दैव आणि कर्तृत्व यांचा काला होतो व वाचकाच्या हाती केवळ हळहळ उरते.

तेव्हा निवड करताना आपल्या आवडीस थोडा छेद द्यावा, एवढीच शिफारस. खेळाचा नाद असणाऱ्याने आधी ‘गाव-गाडा’ घ्यावा. खळ्यावरची वाटणी समजली, की क्लबांचे पगारपत्रक वाचण्यास त्याला कोणाची मदत लागणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने ‘मनीबॉल’पासून आरंभ करावा, प्रतिष्ठित पारख्यांचे एकमत कितपत प्रमाण मानावे, हा त्याचाही रोजचा प्रश्न आहे. प्रवासवर्णनांच्या चाहत्याने ऑर्वेल आणि गोडसे भटजी लागोपाठ वाचावेत, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने रमाबाई. संकीर्णाच्या फळीवरील पुढचे पुस्तक मग कोणाच्या शिफारशीवाचून निवडता येईल: कोठेही उघडून चार पाने वाचावीत, आणि लेखकाचा खर्च कोणी सोसला व तो ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्या पदरात काय पडले, याचा थांग लागत नसेल, तर ते पुस्तक फळीवर परत ठेवावे.