विरारपलीकडे गाडी अडते तेव्हा

विरारपर्यंत चार मार्ग असल्यामुळे एखादी लोकल बिघडली तरी मागच्या गाड्या शेजारच्या मार्गावर वळविता येतात. परंतु २०१३ पासून उपनगरी लोकल जेथे धावू लागली त्या विरार-डहाणू टापूत, चौपदरीकरण पूर्ण होईतोवर जाण्यास एक व येण्यास एक असे दोनच मार्ग असल्याने, वैतरणा वा सफाळे येथे गाडीच्या छतावरील वीज घेणारा पेंटोग्राफ २५,००० व्होल्टच्या तारेत अडकला, की मागची सारी वाहतूक खोळंबते.

अशा वेळी मोटरमन लुकलुकता दिवा लावून समोरून येणाऱ्या गाड्यांस सावध करतो आणि नियंत्रण कक्षास वर्दी देतो. स्वयंचलित सिग्नल नसलेल्या ब्रॉडगेज मार्गावर तर गार्ड मागे चालत जाऊन रुळावर ६०० मीटरवर एक व १,२०० मीटरवर तीन फटाके बसवितो, ज्यांच्या आवाजाने मागून येणारा चालक थांबतो. ही दक्षता खरोखर स्तुत्य आहे. वीजप्रवाह बंद होऊन तारदुरुस्तीची गाडी, म्हणजे टॉवर वॅगन, येईपर्यंत मात्र तारेस हात लावता येत नाही.

फलाटावर पोहोचणारी वर्दी बहुधा विलंबापुरतीच असते, आणि तेवढ्याने पहाटे पाट्या घेऊन निघालेल्या भाजीवालीचे भागत नाही. गाडी कोठे व कशामुळे अडली, टॉवर वॅगन निघाली की नाही, हे वारंवार मराठीतून कळविण्याची तजवीज रेल्वे प्रशासनाने अवश्य करावी. प्रवाशांनीही चौकशीस १३९ क्रमांक वापरावा, आणि शेजारचा मार्ग चालू असू शकतो हे ध्यानी घेऊन सूचनेवाचून रुळांवर उतरू नये.