इंजिन तेच, गाडी तीच

वडिलांची १९७० सालची फियाट बरीच वर्षे अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. अखेर तिचे इंजिन खाली उतरवले आणि घरात दोन पक्ष पडले. मुलाचे म्हणणे, "बाबा, आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन टाका. पुण्याला बिनघोर जाता येईल." गॅरेजवाले चाचा मात्र ब्लॉकवरून हात फिरवत म्हणाले, "साहब, दिल बदलोगे तो गाडी किसकी रहेगी?"

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले हे चार सिलिंडरचे इंजिन, १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. वर्षानुवर्षे पिस्टन घासून सिलिंडर गोल राहत नाही, लंबगोल होतो. मग गाडी ऑईल पिते, धूर सोडते. उपाय एकच. बोअर करून व्यास किंचित वाढवायचा आणि त्या मापाचे पिस्टन, रिंगा घालायच्या. अर्धा मिलिमीटर वाढवला की तेच इंजिन ११०५ सीसीचे होते. ज्या छत्रपती संभाजीनगरात वाळूजला १९८५ पासून बजाजच्या आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या, तिथे एवढे नेमके काम करणारा लेथवाला शोधावा लागत नाही.

काही बदल काळानेच करायला लावले. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या सीटला झिजू देत नसे. २००० साली ते देशभर बंद झाले; म्हणून कडक धातूच्या सीट बसवल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर खाते. सगळे पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटे बदलली.

पण इंजिनच बदलायचे? बँकेत जन्म गेल्यामुळे मी आधी कागद वाचले. इंजिनाचा नंबर आरसी पुस्तकात असतो; तो बदलायचा तर आरटीओची परवानगी हवी. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. मात्र चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशी नोंद केली की रोजच्या वापरावर बंदी येते, म्हणून मी तूर्त ती केलेली नाही. पण ते दार आपल्या हाताने का बंद करावे? मुलाला हा हिशेब पटला, निदान तो गप्प बसला.

पहिल्या फेरीला दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढलो. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे गेले. मुलगा हसत होता. मी तापमानाच्या काट्याकडे पाहत होतो. काटा जागचा हलला नाही.

संध्याकाळी गल्लीत वळलो. ऐंशी ओलांडलेल्या आईला आम्ही काही सांगितलेले नव्हते. हॉर्न वाजवण्याआधीच ती बाहेर आली आणि वडील असताना उघडायची तसे तिने फाटक उघडले, दोन्ही दारे सताड. मुलाने माझ्याकडे पाहिले. नव्या इंजिनाचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.