लोकरीच्या बाजारावर उभी राहिलेली सराई
सहाशे वर्षांची इमारत आजही कमावती. इंग्लंडच्या एका खेड्याची गोष्ट

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचे खेडे आहे. बाथ शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. गाव लहान, पण गावात शिरले की रस्त्याला लागूनच एक तीन मजली जुनी इमारत दिसते. तिचे नाव ‘जॉर्ज इन’. इन म्हणजे मुक्कामाची सराई. वाटसरूला जेवण, बिछाना आणि घोड्याला तबेला, हे तिन्ही जिथे मिळेल ती सराई. नुसती बिअर विकणारी घरे वेगळी. १३९७ पासून इथे पेयविक्रीचा परवाना अखंड चालू आहे, असा या सराईचा दावा आहे.

मठ, मेंढ्या आणि जत्रा

एवढ्याशा खेड्यात एवढी मोठी इमारत कशाला बांधली? उत्तर मेंढीच्या पाठीवर आहे. मध्ययुगात इंग्लंडची खरी दौलत म्हणजे लोकर. जवळच हिंटन इथे कार्थुसियन पंथाच्या साधूंचा मठ होता आणि नॉर्टनची जमीन या मठाच्या मालकीची. गावात जत्रा भरवण्याचा परवाना मठाकडे होता. जत्रेत लोकर आणि कापडाचे सौदे होत, लांबून व्यापारी येत. त्यांना उतरायला आणि माल ठेवायला जागा हवी, म्हणून मठाने चौदाव्या शतकात ही सराई उभी केली. खाली राहणे-जेवणे आणि वर मालाचे कोठार. आजच्या भाषेत सांगायचे तर मार्केट यार्ड, गोदाम आणि विश्रामगृह एकाच छपराखाली!

१५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात हिंटनचा मठ बंद झाला, जमिनी गेल्या. सराई मात्र टिकली. कारण वाट चालू होती आणि वाटेवर गिऱ्हाईक होते.

बांधणी कशी आहे?

तळमजला त्याच भागातल्या दगडाचा. मधोमध कमानीचा दरवाजा, त्यातून आत गेले की मागे चौक. चौकाच्या बाजूला लाकडी सज्जा. वरचे दोन मजले पंधराव्या शतकात लाकडी सांगाड्याचे केले. प्रत्येक मजला खालच्या मजल्याच्या थोडा पुढे आलेला आहे. त्याने वर जागा वाढते आणि पावसाचे पाणी खालच्या भिंतीवर न पडता पुढे पडते.

सांगाडा ओक लाकडाचा. त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कापत, कारण वाळला की तो लोखंडासारखा कठीण होतो. एका तुळईला कुसू काढायचे, दुसरीला भोक पाडायचे, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना आकसते आणि सांधा आवळत जातो. म्हणून तर या इमारती वाकड्या दिसतात, पण पडत नाहीत.

अशा सांगाड्यात मधल्या भिंती भरायची इंग्लंडची जुनी रीत आपल्या कुडासारखीच. काटक्यांचे विणकाम, त्यावर माती, शेण आणि बारीक कापलेला पेंढा, वर चुन्याचा हात. हजारो मैलांवरच्या शेतकऱ्यालाही तेच सुचले होते.

मोठी माणसे, कडू आठवणी

रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेले सॅम्युअल पेपिस १२ जून १६६८ रोजी बाथला जाताना या गावी जेवले. जेवणाचे दहा शिलिंग दिल्याची नोंद त्यांनी केली. १६८५ च्या जून महिन्यात राजाविरुद्ध बंड करणारा ड्यूक ऑफ मन्मथ आपल्या फौजेसह गावात उतरला आणि सराईत त्याचा तळ पडला. २७ जूनला गावाच्या गल्लीत राजाच्या फौजेशी चकमक झाली. ६ जुलैला सेजमूरच्या लढाईत बंड मोडले आणि ड्यूकचा शिरच्छेद झाला. नंतर बंडखोरांवर खटले चालले. नॉर्टनमध्ये बारा जणांना फासावर चढवल्याचे गावात सांगतात. फौजेत बरेचसे विणकर आणि शेतकरीच होते. लढाई राजपुत्रांची, माना गेल्या त्यांच्या.

टिकली ती कशाने?

पहिले कारण वापर. दार उघडे राहिले, चूल पेटती राहिली, म्हणून गळणारे छप्पर वेळेवर दिसले आणि दुरुस्त झाले. बंद घराला ते भाग्य नसते.

दुसरे कारण कायदा. जॉर्ज इन पहिल्या श्रेणीची संरक्षित इमारत आहे. तिचे रूप बदलेल असे कोणतेही काम स्थानिक कौन्सिलच्या लेखी परवानगीशिवाय मालकालाही करता येत नाही. केले तर तो गुन्हा ठरतो. जुन्या भिंतीला सिमेंट नको, चुनाच हवा, असे तिथले जाणकार सांगतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमागे ती कोंडते आणि आतले लाकूड कुजते. आपल्याकडे जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सगळ्याच सराया इतक्या नशीबवान नाहीत. रेल्वे आली तेव्हा घोडागाड्यांच्या मार्गावरच्या अनेक सराया बसल्या. अलीकडच्या काळात खेड्यांतली पेयगृहे मोठ्या संख्येने बंद पडली. मग काही गावांनी सहकाराचा रस्ता धरला. कंब्रिया परगण्यातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मध्ये आपले ‘ओल्ड क्राउन’ सहकारी संस्था काढून विकत घेतले. २०११ च्या एका कायद्याने इंग्लंडमधल्या गावांना आणखी एक हत्यार मिळाले. गावाच्या उपयोगाची इमारत कौन्सिलच्या यादीत आधी नोंदवलेली असली आणि मालकाने ती विकायला काढली, तर पैसे जमवायला गाव सहा महिन्यांची मुदत मागू शकते. मात्र मालकावर गावालाच विकण्याचे बंधन नाही. नोंद करायची राहिली, तर मुदतही नाही.

आपल्याकडच्या चावड्या, धर्मशाळा आणि बाजारओटे किती गावांच्या दप्तरात नीट नोंदलेले आहेत? मासिक सभेत हा विषय घ्यायला खर्च लागत नाही. दुरुस्तीचा खर्च पुढे काढता येतो, पण पाडलेली भिंत परत मिळत नाही.