रंग उडालेला चालेल, चासी कुजलेली चालणार नाही

कापडाच्या धंद्यात एक उलटा न्याय आहे. कोऱ्या, कडक डेनिमच्या पँटला जो भाव मिळतो, त्याहून जास्त भाव तीच पँट दगडांबरोबर धुऊन, मांडीवर घासून, फिकी पाडून आणली की मिळतो. गिऱ्हाइकाला माल नवाच हवा असतो. फक्त तो दिसायला दहा वर्षे वापरलेला हवा. आमच्या पिढीतल्या व्यापाऱ्यांना हे पचायला वेळ लागला. अमेरिकेत जुन्या मोटारींच्या बाजारातही हाच प्रकार चालतो. तिथे एका गाडीमागे हजारो डॉलर अडकलेले असतात, म्हणून त्याचा हिशेब आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो. आपल्यातील कितीतरी घरे डेंटिंग-पेंटिंग आणि मेकॅनिकच्या कामावर चालतात, त्यांना हा विषय परका वाटू नये.

ज्या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात, त्या म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन. सुरुवात सहसा १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. ‘लमान्स’ या गाडीवर सुमारे २९५ डॉलर जादा दिले की ३८९ घनइंचांचे इंजिन आणि त्याबरोबरचे सामान मिळे. तरुणांना परवडेल अशी ही रेसची गाडी होती, आणि पहिल्याच वर्षी ती ३२ हजारांवर खपली. मग डॉज, प्लिमथ, शेव्हरले सगळेच त्यात उतरले. पुढे विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे कडक झाले आणि १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखले, तेव्हा हा बाजार बसला. नंतर याच गाड्या भंगाराच्या भावाने गेल्या. ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणात उड्या मारमारून सुमारे ३०० डॉज चार्जर मोडल्या, असे सांगतात. आज त्यांतली एखादी धड सापडली असती तर तिच्या मालकाचे भले झाले असते.

आता समजा अशी एक गाडी कुणाला कोठारात सापडली. रंग उडालेला, पत्र्यावर तांबूस गंज, गादी उंदरांनी खाल्लेली. पुढे रस्ते दोन आहेत.

पहिला रस्ता पूर्ण जीर्णोद्धाराचा. गाडीचा एकेक भाग सुटा करायचा, नुसता सांगाडा लांब सळईवर चढवून गोल फिरवता येईल असा टांगायचा (आमच्या वाचकांनी सीखकबाब डोळ्यांपुढे आणावा, तिकडचे लोकही त्या यंत्राला तेच नाव देतात), मग घासणे, वेल्डिंग, पत्रा, पुट्टी, रंग, पुन्हा घासणे, पुन्हा रंग. कारखान्यातून निघाली तेव्हा बोल्टवर जी खूण होती, तीही परत उमटवायची. यात पैसा मालापेक्षा मजुरीत जातो. दुर्मिळ गाडी नसेल, तर झालेला खर्च विक्रीतून सहसा निघत नाही. शौक म्हणून करायचे तर जरूर करावे, पण धंदा म्हणून करणाऱ्याने पेन्सिल आधी हातात घ्यावी.

दुसरा रस्ता असा की बाहेरचा अवतार तसाच ठेवायचा आणि आतले सगळे नीट करायचे. ‘रोडकिल’ या अमेरिकन कार्यक्रमाने २०१२ पासून या पद्धतीला फार मोठे केले. त्यांच्या एका खस्ताहाल १९६८ च्या चार्जरमध्ये मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून काढलेले ४४० घनइंची इंजिन बसवले होते. ही झाली गरिबाची तऱ्हा. कॅलिफोर्नियात ‘आयकॉन’ नावाचा कारखाना मात्र बाहेरून गंजलेल्या जुन्या गाड्यांच्या आत आजचे इंजिन, आजचे ब्रेक आणि उत्तम चामडे बसवून त्या श्रीमंतांना विकतो. फाटकी जीन्स काही फक्त कॉलेजातली मुलेच घालत नाहीत.

गंमत इथे आहे. ओबडधोबड गाडी स्वस्तात होते, असा लोकांचा समज आहे. तो अर्धाच खरा. वाचतो तो फक्त बाहेरचा पत्रा आणि रंग यांचा खर्च. आणि तो लहान नसतो, हे कबूल. पण ब्रेक, स्टीअरिंग, वायरिंग, पेट्रोलची टाकी, सस्पेन्शन यांत एक पैसाही वाचवता येत नाही. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्यावर दांडगे इंजिन चढवून रस्त्यावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. गंजातही जात असते. दारावरचा वरवरचा गंज हा मळ समजा. खालच्या चासीचा गंज हा क्षय आहे. चार्जरसारख्या गाड्यांत तर स्वतंत्र चासी नसतेच, अंग आणि हाडे एकच. तिथे खालची नळी कुजली असेल तर कापून नवी जोडल्याशिवाय गत्यंतर नाही, मग वरचा रंग तुम्ही ठेवा नाहीतर काढा.

उलट, खरा जुना रंग हा स्वतःच भांडवल असतो, कारण एकदा घासून काढला की परत येत नाही. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग घ्या. (जाणकार मस्टँगला वेगळ्या वर्गात घालतात, तो वाद आपण त्यांच्यावर सोडू.) १९७४ मध्ये एका कुटुंबाने ती ६,००० डॉलरला घेतली, घरातल्या बाई ती कामावर जायला वापरत, पुढे ती बिघडून अनेक वर्षे पडून राहिली. कुटुंबाने ती चालू केली, पण फिकट रंगाला, पोच्यांना आणि गंजाला हात लावला नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातील लिलावात ती ३४ लाख डॉलरला, कमिशन धरून ३७ लाख ४० हजारांना गेली. कुणी हौसेने तिला चकाचक रंग मारला असता, तर ही रक्कम आली असती का?

साहजिकच जुनेपणाला भाव आला तशी त्याची नकलही आली. नव्या पत्र्यावर मुद्दाम फिका रंग मारून, कडा घासून, मिठाच्या पाण्याने गंज आणून गाडी ‘कोठारातली’ म्हणून खपवतात. दुसरी लबाडी नावाची. साध्या लमान्सवर जीटीओच्या पाट्या चढवल्या की झाली जीटीओ. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा क्रमांक २४२ ने सुरू होतो, तिथे चोरी पकडता येते. पण १९६४ आणि १९६५ ची जीटीओ लमान्सच्याच क्रमांकावर निघत असे, त्यामुळे कारखान्याच्या मूळ बिलाची नकल हाच पुरावा. पुट्टी ओळखायला लोहचुंबक पुरतो: जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. आम्ही सूत जाळून पाहतो, राख झाली तर सुती आणि गोळी झाली तर पॉलिस्टर, तसाच हा प्रकार. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर आणल्याचा मदिनेच्या बाजारातला प्रसंग आमच्या वाचकांना ठाऊक आहे. घासलेली जीन्स घासलेली म्हणून विकण्यात आम्हाला काही गैर दिसत नाही. ऐब झाकून विकला की मात्र सौदा नासतो.

बनावट जुनेपणाची एक किंमत कारागीर देतो. जीन्स फिकी पाडायला वाळूचा मारा करीत, त्यात तुर्कस्तानातील कितीतरी कामगारांना फुप्फुसाचा सिलिकोसिस झाला आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. जुन्या गाडीचा पत्रा घासतानाही हेच ध्यानात ठेवावे. त्या काळच्या रंगात शिसे असते, ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम पोरांकडून करवून घेणाऱ्या गॅरेजवाल्याला आम्ही व्यापारी म्हणणार नाही.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो? पूर्वी १९५० च्या आधी बनलेलीच जुनी गाडी शौकिनाला सहज आयात करता येई. २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ही अट बदलून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मोकळी केली, म्हणजे वर सांगितलेला सगळा काळ तिच्यात आला. आयातशुल्क जबर असल्याने गर्दी होणार नाही, पण ज्या थोड्या गाड्या येतील त्यांना कुशल हात लागतील. मात्र २०२१ च्या नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि मोठा फेरफार न झालेली हवी. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. तेव्हा जुन्या कवचात नवे इंजिन घालण्याची अमेरिकन तऱ्हा इथे या नोंदणीत बसणे कठीण आहे. उडालेला रंग मात्र आड येत नाही.

असे काम हाती घेणाऱ्याने प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत, कुठला पत्रा नवा आणि कुठला मूळ हे बिलावर लिहून द्यावे, आणि गाडीतून निघालेले मूळ इंजिन, ते बंद पडलेले का असेना, भंगारवाल्याला देऊ नये. पुढचा खरीददार पहिल्यांदा त्याचाच नंबर विचारतो.